मुक्काम न ठरवता : ‘माझा प्रवास’ पुन्हा वाचताना

मागील उन्हाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी सॅक्रिस्टीच्या दारापाशी थांबल्या. त्यांचा मुलगा शेवटची परीक्षा देऊन मोकळा झाला होता आणि एका मित्राला बरोबर घेऊन मोटारसायकलवरून उत्तरेकडे जायला निघाला होता. मुक्काम ठरलेले नव्हते, परतीची तारीख नव्हती. “जिथं रात्र होईल तिथं राहू,” एवढेच त्याचे उत्तर. “फादर, तुम्ही तरी त्याला दोन शब्द सांगा,” असे त्या माउलीचे म्हणणे. काय सांगावे ते मला त्या क्षणी सुचले नाही. मुंबई-आग्रा रस्ता आपल्या नाशिक शहरातूनच जातो. धुळे, सेंधवा, महू, इंदूर, ग्वाल्हेर ही नावे त्या रस्त्यावरच्या दगडी खांबांवर आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. त्या रस्त्याने एखाद्या तरुणाला खुणावले, तर त्यात त्याचा दोष तो काय?

घरी आल्यावर मी कपाटातून एक जुने पुस्तक काढले. वेदशास्त्रसंपन्न विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. सेमिनरीच्या ग्रंथालयात विद्यार्थिदशेत ते प्रथम वाचले होते, तेव्हा अठराशे सत्तावनच्या बंडाची हकिकत म्हणून. यंदा ते प्रवासाचे पुस्तक म्हणून वाचले आणि माझ्या ध्यानात आले की, त्या माउलीच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा या पुस्तकात आहे. उरलेला अर्धा यात नाही. तो आपल्याच नाशिक परिसरात जन्मलेल्या एका स्त्रीच्या पुस्तकात आहे. या लेखात मला एवढेच मांडावयाचे आहे.

प्रथम पुस्तकाची थोडी माहिती द्यावयास हवी. विष्णुभट हे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावचे. जन्म १८२७ चा. घरची भिक्षुकी, विद्या भरपूर, पण डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत व तेथे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा मिळणार आहे, अशी वार्ता आली. ती ऐकून १८५७ साली, तिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा गृहस्थ आपले काका रामभट यांच्यासह पायी निघाला. वाटेत महूच्या आसपास त्यांना बंडाची चाहूल लागली. मागे फिरावे की पुढे जावे? ते पुढे गेले. ज्या यज्ञासाठी घर सोडले तो बाजूलाच राहिला. हाती आले ते झाशीचा वेढा, काल्पीची वाट, चित्रकूट, अयोध्या, काशी. अडीच-तीन वर्षांनी विष्णुभट गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन वरसईस परतले.

हा वृत्तान्त त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिला. इंग्रजी अमलाच्या धास्तीमुळे तो लगेच छापला गेला नाही. लेखकाच्या निधनानंतर, १९०७ साली, वैद्यांनी तो प्रसिद्ध केला. वैद्यांनी भाषेवर संस्कार केले होते, काही भाग गाळला होता. पुढे १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ मोडी हस्तलिखितावरून त्याची संहिता छापली. ज्यांना शक्य असेल त्यांनी ही दुसरीच वाचावी. वैद्यांच्या आवृत्तीत विष्णुभट नेटके गद्य लिहितात. पोतदारांच्या आवृत्तीत ते ओटीवर बसून बोलतात, आणि प्रवाशाचे बोलणे त्याच्या लिहिण्याहून नेहमीच अधिक खरे असते.

आजवर या पुस्तकाकडे बहुतेकांनी साक्षीदाराची जबानी म्हणून पाहिले. मग टीकाही त्याच अंगाने झाली. तारखा जुळत नाहीत, स्थळांचा क्रम उलटसुलट होतो, डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले यांची सरमिसळ होते. हे आक्षेप रास्त आहेत. उदाहरणार्थ, इंग्रजांनी हिंदूंचा व मुसलमानांचा धर्म बुडविण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमांची यादी केली, ही कथा विष्णुभट पूर्ण विश्वासाने सांगतात. इतिहासकार तिथे थबकणारच. परंतु प्रवासवर्णनाच्या वाचकाने असे थबकण्याचे कारण नाही. वर्तमानपत्र नाही, तार आपल्यासाठी नाही, अशा वाटसरूला पुढच्या गावची बातमी मिळते ती समोरून येणाऱ्या दुसऱ्या वाटसरूकडून. ती खरी की खोटी हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नसते आणि तरी तिच्यावर विसंबून त्याला उद्याची वाट निवडावी लागते. विष्णुभटांनी अफवा गाळून टाकली असती, तर इतिहास शुद्ध झाला असता, पण प्रवास खोटा ठरला असता.

मुक्काम न ठरवता निघणे म्हणजे बेफिकिरीने निघणे, अशी एक समजूत आहे. आजचे तरुण तिच्यावर भाळतात आणि त्यांचे आईबाप तिला भितात. ‘माझा प्रवास’ ही समजूत दूर करतो. विष्णुभटांचा मार्ग ठरलेला नव्हता, परंतु त्यांना तीन आधार होते. पहिला आधार विद्येचा. मंत्र मुखोद्गत असलेल्या भिक्षुकाला कोणत्याही गावी अनुष्ठान मिळे आणि त्याबरोबर जेवण व निवाराही मिळे. त्यांचे भांडवल डोक्यात होते, म्हणून ते लुटले जाण्याजोगे नव्हते. दुसरा आधार सोबतीचा. काका बरोबर आहेत म्हणून वडिलांनी परवानगी दिली आणि काका बरोबर होते म्हणूनच पुतण्या अनेक प्रसंगांतून निभावला. तिसरा आधार शब्दाचा. परत यायचे आहे, घरचे कर्ज फेडायचे आहे, आईबापांना गंगास्नान घडवायचे आहे, ही गाठ मनाशी पक्की होती. रस्ता सैल होता, पण माणूस बांधलेला होता. या पुस्तकाची जी काही शिकवण असेल ती माझ्या मते हीच आहे.

या तीन आधारांवाचूनचा प्रवास कसा असतो हेही मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवे. योगायोग असा की, ‘माझा प्रवास’ ज्या १९०७ साली छापला गेला, त्याच साली पंडिता रमाबाईंची साक्षही इंग्रजीत प्रसिद्ध झाली. रमाबाईंचा जन्म १८५८ च्या एप्रिलचा, म्हणजे झाशी पडली त्याच महिन्यातला. त्यांचे सारे बालपण रस्त्यावर गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थामागून तीर्थे हिंडत. दुष्काळात, १८७४ साली, आईवडील गेल्यावर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंडत राहिले ते १८७८ साली कलकत्त्यास पोहोचेपर्यंत. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे करून त्यांत अंग पुरून रात्री काढल्या, असे त्या लिहितात. ही भटकंती आहे, आणि ती कोणी हौसेने निवडलेली नाही. विद्या त्यांच्यापाशीही होती, किंबहुना विष्णुभटांहून अधिक होती. पण ज्या घरी परतायचे ते घरच नव्हते. अनिश्चित प्रवासाचे गोडवे गाणाऱ्याने ही पाने आधी वाचावीत. ज्याला परतीचे दार आहे, त्यालाच अनिश्चितता हा आनंद वाटू शकतो.

विष्णुभटांचेही हाल काही कमी झाले नाहीत. झाशीत ते राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाने सुखात होते. १८५८ च्या मार्चअखेरीस वेढा पडला, एप्रिलच्या आरंभी शहर पडले आणि मग कत्तल सुरू झाली. लपून बसणे, घरात शिरलेल्या गोऱ्या शिपायांनी जवळचे द्रव्य काढून घेणे, पाण्यावाचून तडफडणे, हे सारे त्यांनी लिहिले आहे. ते लिहिताना आपण भ्यालो होतो, हे सांगण्यास ते मुळीच लाजत नाहीत. बंडावरच्या लिखाणात शूरांची वाण नाही. घाबरलेल्या माणसाने आपली भीती इतक्या सरळपणे सांगितल्याची उदाहरणे मात्र थोडी. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाल्याबद्दल त्यांचा जीव हळहळतो. तिथे भिक्षुक मागे पडतो आणि विद्येचा उपासक बोलू लागतो. मिळविलेली दक्षिणा एकदा गेली, पुन्हा मिळाली, पुन्हा गेली. हिशेबी नजरेने पाहता हा प्रवास तोट्याचाच झाला.

मग फायदा कोणता? काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग मराठी वाचकांना परिचित आहे. झाशीतून निसटलेली राणी, घामाधुळीने माखलेली, तहानलेली, विहिरीवर येते. विष्णुभट पाणी काढून देण्यास पुढे होतात. आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी ओढू नये, असे म्हणून ती स्वतः मातीच्या भांड्याने पाणी काढते आणि ओंजळीने पिते. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते राणीच्या अंगाने. मला तो वाटसरूच्या अंगाने पाहावासा वाटतो. हा भिक्षुक त्या विहिरीवर कोणत्याही योजनेने आलेला नव्हता. योजनेप्रमाणे सारे पार पडते, तर तो त्या वेळी मथुरेच्या यज्ञाची दक्षिणा कनवटीला लावून घरी पोहोचला असता आणि त्याच्या गावाबाहेर त्याचे नाव कोणाला कळले नसते. त्याची योजना मोडली, म्हणून राज्य गमावलेली एक स्त्री आणि सर्वस्व लुटला गेलेला एक भिक्षुक समान पातळीवर एका विहिरीच्या काठी उभे राहिले. अशी भेट ठरवून घडविता येत नाही. ती घडण्याची जागा मोकळी ठेवावी लागते, आणि त्या मोकळ्या जागेतून चोर, तहान व मरणही आत येऊ शकतात.

आपल्या परंपरेतील एक यात्रेकरू इथे आठवतो. संत इग्नेशियस लोयोला १५२३ साली यरुशलेमेच्या यात्रेसाठी बार्सिलोनाहून निघाले. तारवात चढण्यापूर्वी जवळ उरलेली पाच-सहा नाणी त्यांनी समुद्रकाठच्या एका बाकावर ठेवून दिली. विष्णुभट पैशासाठी निघाले आणि पैसा त्यांच्या हातून गेला. इग्नेशियस यांनी तो आपण होऊन टाकला. यरुशलेमेत कायमचे राहावे हा इग्नेशियस यांचा बेतही तडीस गेला नाही, तेथील वरिष्ठांनी त्यांना परत पाठविले. त्यांनी आपली हकिकत सांगितली ती तीस वर्षांनी, आणि तीही ‘तो यात्रेकरू’ असे स्वतःला म्हणून. दोघांच्या श्रद्धा वेगळ्या, हेतू वेगळे, खंड वेगळे. तरी दोघांच्या कथनात एक साम्य आहे. वाटेत कोणी भाकर दिली, कोणी निजायला जागा दिली, कोणी हाकलून लावले, हे दोघांनाही इतक्या वर्षांनंतर नेमके आठवते. ज्याने सर्व मुक्काम आधीच पैसे भरून राखून ठेवले आहेत, त्याच्या स्मरणात हॉटेलची नावे राहतात. ज्याला दार ठोठवावे लागले, त्याच्या स्मरणात माणसे राहतात.

लूककृत शुभवर्तमानात प्रभू आपल्या शिष्यांना थैली व झोळी न घेता पाठवितो, हे आपण सर्व जाणतो. त्याच शुभवर्तमानात पुढे, अटकेच्या रात्री, तो त्यांना त्या पाठवणीची आठवण देतो, त्या वेळी कशाची उणीव भासली का असे विचारतो, आणि मग आता ज्याच्यापाशी थैली आहे त्याने ती घ्यावी असे सांगतो. हा दुसरा भाग आपण फारसा वाचत नाही. रिकाम्या हाताने जाण्याची एक वेळ असते आणि शिदोरी बांधून घेण्याचीही एक वेळ असते. कोणती वेळ कोणती, हे ओळखणे हेच प्रवाशाचे शहाणपण.

येथवर पुस्तकाचे गुण सांगितले. आता त्यातील उणिवेकडे वळतो. ‘माझा प्रवास’ वाचताना एक प्रश्न सारखा मनात येतो: या सर्व काळात वरसईच्या घरी काय चालले होते? उत्तरेकडे बंड पेटले आहे, मुलाचा पत्ता नाही, तो जिवंत आहे की नाही हे कळावयास मार्ग नाही. आईबापांनी आणि घरच्या मंडळींनी ते दिवस कसे काढले? पुस्तकात अखेरीस भेटीचा आनंद आहे. वाट पाहण्याची कथा नाही, आणि असणार तरी कशी? जो चालत होता त्याने ती पाहिलीच नव्हती. प्रवासवर्णन नेहमी जाणारा लिहितो. मागे राहणाऱ्याचे पान कोरेच राहते. याला मी विष्णुभटांचा दोष म्हणणार नाही, परंतु या साऱ्या वाङ्मयप्रकाराची ती मर्यादा आहे.

हे कोरे पान मराठीत ज्या पुस्तकाने भरून काढले ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. सत्तावनची सावली त्यांच्याही घरावर होती. त्यांच्या आजोबांना त्या बंडात फाशी झाली आणि त्या घटनेची छाया सबंध कुटुंबावर कशी पडली, ते पुस्तकाच्या आरंभीच येते. त्यांचे पती नारायण वामन टिळक हे जातिवंत भटके. मनात आले की निघाले. कोठे गेले, केव्हा येणार, हे घरात कोणाला ठाऊक नसे, आणि हाती आलेला पैसा तर त्यांच्यापाशी टिकतच नसे. असाच एक प्रवास राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीतला. डब्यात भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती कवितेचा एक मोठा झरा त्या डब्यातील भेटीतून फुटला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. न ठरविलेल्या भेटीचे याहून मोठे फळ ते कोणते?

परंतु ‘स्मृतिचित्रे’ आपल्याला हे फळ दुसऱ्या बाजूने दाखविते. टिळक गेले म्हणजे घरी काय उरे? पोर, उधारी, नातलगांचे टोमणे आणि दाराकडे लागलेले डोळे. बाप्तिस्म्यानंतर तर पतिपत्नींच्या ताटातुटीची वर्षे आली. लक्ष्मीबाई हे सारे हसतहसत सांगतात. त्या टिळकांवर रागावतात, त्यांच्यावर प्रेमही करतात, परंतु हिशेब मात्र चोख ठेवतात. भटक्याच्या स्वातंत्र्याची किंमत घरात बसलेल्या माणसाने मोजली आहे, हे त्या एकदाही उपदेशाच्या सुरात न सांगता आपल्या गळी उतरवितात. म्हणून मी म्हणेन की, ‘माझा प्रवास’ व ‘स्मृतिचित्रे’ ही दोन पुस्तके कपाटात शेजारी ठेवावीत आणि एकापाठोपाठ एक वाचावीत. एकात जमेची बाजू आहे, दुसऱ्यात खर्चाची. दोन्ही पाहिल्यावाचून वही पुरी होत नाही.

हे लिहिताना एक कबुली द्यावीशी वाटते. सेमिनरीत प्रवेश करण्यापूर्वीच्या सुटीत मीही एका मित्रासह असाच याच आग्रा रस्त्याने ओंकारेश्वर-मांडूकडे गेलो होतो. खिशातील पैसे पाचव्या दिवशी संपले. एका ट्रकचालकाने आम्हाला जेवू घातले आणि धुळ्यापर्यंत आणून सोडले. त्याचे नावही मी विचारले नाही. ती गोष्ट मी पुढे प्रवचनांतून कितीतरी वेळा सांगितली. परंतु त्या दहा दिवसांत मी घरी एक पोस्टकार्डही टाकले नव्हते, हे मात्र कधी सांगितले नाही. आई त्यावर काही बोलली नाही. ती आज हयात नाही. त्या दहा रात्री तिने कशा काढल्या, हे तिला विचारण्याचे मला कधी सुचले नाही. ‘स्मृतिचित्रे’ दुसऱ्यांदा वाचली तेव्हा सुचले, आणि तोवर उशीर झाला होता.

आज काळ पालटला आहे. खिशात मोबाईल असतो, पैसे त्यावरूनच देता येतात, वाट तोच दाखवितो. कोणाला पत्ता विचारण्याचीदेखील गरज उरलेली नाही. यामुळे प्रवास सुरक्षित झाला, हे निःसंशय चांगले झाले. पण विचारण्याची गरज संपली की, भेटण्याचा प्रसंगही कमी होतो. विष्णुभटांची विद्या, त्यांचे काका आणि त्यांनी मनाशी बांधलेली गाठ, यांपैकी एकही गोष्ट मोबाईल देऊ शकत नाही. त्या आजही स्वतःच बरोबर न्याव्या लागतात.

त्या माउलीला मी पुढच्या रविवारी इतकेच म्हटले, “त्याला जाऊ द्या. मित्र बरोबर आहे, हे चांगले आहे. गाडी दुरुस्त करायची विद्या त्याच्या हाताला आहे का, तेवढे पाहा. आणि रोज रात्री, कितीही उशीर झाला तरी, दोन शब्द घरी कळवायचे, असे त्याच्याकडून वचन घ्या.” मुलगा मला भेटायला आला तेव्हा मी त्याच्या हाती ‘माझा प्रवास’ ठेवला. तो बावीस दिवसांनी परतला. पुस्तक परत करताना त्याच्या मळलेल्या पाठपिशवीतील धूळ त्याच्या पानांना लागली होती. ती मी झटकली नाही. आता त्याने ‘स्मृतिचित्रे’ वाचायला नेली आहे.